मडके वाजवून घेण्याचा हक्क

आमच्या गावात मडके विकत घेण्याच्या दोन रीती होत्या. गावातली बाई कुंभाराच्या अंगणात यायची, मांडलेल्या मडक्यांतले एक उचलायची, कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकायची. खणखणीत वाजले तर घ्यायची, बद्द वाजले तर परत ठेवायची. बद्द वाजणाऱ्या मडक्याला कुठेतरी चीर असते किंवा ते नीट भाजलेले नसते. माझी माय अंगणाच्या कडेला उभी राहायची. तिचा हात लागला की मडके बाटले. मग ते दुसरे कोणी घेणार नाही, म्हणून तिलाच घ्यावे लागणार. तेव्हा हात लावण्याआधीच सौदा व्हायचा. “ते कडंचं घे,” कुंभारमामा बोट दाखवायचे. माय पदरातले जोंधळे अंथरलेल्या फडक्यावर ओतायची आणि कडेचे मडके उचलायची. ते धड आहे की चिरलेले, हे घरी येऊन पाणी भरल्यावर कळायचे. एकदा रात्रीतून सगळे पाणी झिरपून गेले आणि सकाळी चुलीपर्यंत ओल आली. माय म्हणाली, “मडकं वाजवून घ्यावं म्हणत्यात. आपल्याला कोण वाजवू देतंय?”

कुंभारमामा वाईट नव्हते. त्यांनाही पाटलाच्या वाड्यात ओसरीच्या खालीच बसावे लागे, बलुत्यासाठी खळ्यावर ताटकळावे लागे. आवा कच्चा राहिला तर वर्षाची उपासमार त्यांचीच. पण आमच्यासमोर ते अंगणाचे धनी होते. बाबासाहेबांनी ज्याला चढत्या भाजणीची विषमता म्हटले, ती मी पुस्तकात वाचण्याच्या आधी त्या अंगणात पाहिली. मराठीत त्या रचनेला ‘उतरंड’ म्हणतात आणि हा शब्द कुंभाराच्याच घरातून आलेला आहे, हे आपले विचारवंत विसरतात. उतरंडीत सर्वांत खालचे मडके सर्वांत जाड लागते. मी भट्टी रचणारा माणूस आहे, म्हणून एवढे खात्रीने सांगतो.

गेली चाळीस वर्षे मी मातीची भांडी करतो आणि भट्ट्या बांधतो. आजवर सत्तावीस भट्ट्या बांधल्या. काही स्वतःच्या, बहुतेक दुसऱ्यांच्या. मुंबई-पुण्याच्या कलावंतांच्या भाषेत मी ‘स्टुडिओ पॉटर’ आहे. म्हणजे असा माणूस, जो घागरी आणि पणत्या बाजारासाठी करत नाही, आपल्या मनाची भांडी करतो, त्यांच्या बुडाला आपली खूण करतो आणि प्रदर्शनात मांडतो. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्ही कुंभार का?” मी नाही म्हणतो. मग दुसरा प्रश्न येतो, “मग या धंद्यात कसे?” हा दुसरा प्रश्न कोणी देशपांडे किंवा मेहता या आडनावाच्या पॉटरला विचारल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांनी माती ‘निवडली’ असे गृहीत धरले जाते. माझ्या बाबतीत मात्र कुठेतरी काहीतरी चुकले असावे, अशी शंका असते. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी मांडले. त्या विधानाला मी माझ्या धंद्यातले एक पोटकलम जोडतो. धंदा निवडण्याचा हक्क ज्याला आहे, तोच या देशात कलावंत ठरतो. ज्याला तो नाही तो कारागीर, आणि ज्याला कारागिरीचाही हक्क नाही तो मजूर.

मडक्याशी आमचे नाते शास्त्रकारांनी फार पूर्वी लावून दिले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, असा दंडक आहे. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके बांधलेले असे, हेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात नोंदवले आहे. आणि मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आमची माणसे पाणी प्याली, तेव्हा ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याची १०८ मडकी त्यात ओतली गेली. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टी वाचताना माझ्यातला भट्टीवाला मध्येच जागा होतो. ती १०८ मडकी कोणत्या आव्यात भाजली असतील? गळ्यातले मडके घडवणाऱ्या कुंभाराला ते कशासाठी आहे हे ठाऊक असेल का? असलेच, तर त्याने ते वाजवून दिले असेल का?

१९७२ च्या दुष्काळात बा आणि माय आम्हा तिघा भावंडांना घेऊन गोदावरीकाठच्या एका वीटभट्टीवर गेले. मी अकरा वर्षांचा होतो. मालकाने दिलेली उचल पावसाळ्याआधी फिटायची असे ठरले होते. ती फिटायला तीन हंगाम लागले. पहाटे तीनला उठून चिखल तुडवायचा, बा साच्यात विटा पाडायचा, माय आणि मी त्या उलटवून वाळत घालायचो. दिवसाला हजार वीट. भट्टी रचायला मात्र वेगळा माणूस असे. वय झालेला, एका डोळ्याने अधू, जातीने मांग. त्याला सगळे ‘मिस्तरी’ म्हणत. त्याचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही. दोन विटांत किती बोटांची फट ठेवायची, कोळशाची भुकटी आणि तूस कोणत्या थरात किती टाकायचे, हे सगळे त्याच्या डोक्यात. आग लागल्यावर तो भट्टीवरून अनवाणी चालायचा आणि तळपायाच्या चटक्यावरून कुठे आग पुढे गेली, कुठे मागे राहिली, ते सांगायचा. एका रात्री त्याने मला फटीतून आत पाहायला लावले. “रंग बघ,” म्हणाला. “काळपट लाल असंल तर कच्ची. नारंगी झाली की थांबायचं. पिवळी पडली की वीट बसती.” पुढे मी शंकू वापरले, विजेचे तापमापक वापरले, पण त्या तीन वाक्यांत जेवढे भट्टीशास्त्र होते तेवढे कोणत्याही अभ्यासक्रमात मला एका ठिकाणी मिळाले नाही.

शिक्षण औरंगाबादला झाले. १९७८ च्या जुलैअखेर विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या वस्तीतली अकरा घरे जाळली गेली, त्यात आमचे एक होते. मी आठ दिवसांनी पोचलो. पत्रे वाकले होते, आढ्याचा कोळसा झाला होता, मायची सगळी उतरंड फुटली होती. पण जिथे दाणे आणि लाकडे जळाली होती त्या कोपऱ्यातली मातीची भिंत आतून विटेसारखी लाल झाली होती. मी नकळत पेराने ठोकून पाहिली. ती वाजली. त्या वेळी मला या गोष्टीचा केवळ राग आला होता.

पुढे पुदुच्चेरीच्या रे मीकर यांच्या प्रयोगांविषयी वाचले, तेव्हा ती भिंत पुन्हा डोळ्यांसमोर आली. मूळचे अमेरिकन असलेले मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. आज भारतातल्या अनेक नावाजलेल्या पॉटरांची ती शाळा आहे. १९८० च्या दशकात मीकर यांनी कच्च्या विटांचे घर बांधायचे, आत पुन्हा कच्च्या विटा आणि इतर कच्चा माल भरायचा आणि आख्खे घरच भट्टीसारखे भाजून काढायचे, असे प्रयोग केले. पक्क्या विटा परवडत नाहीत त्यांना पक्के घर मिळावे, ही कल्पना. कल्पना थोर आहे आणि मी तिचा आदर करतो. फक्त आमच्याकडे घर भाजून काढणारे वेगळ्या हेतूने येतात, एवढेच.

१९८४ मध्ये मी मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात भट्टीचा मदतनीस म्हणून लागलो. नोकरी चतुर्थ श्रेणीची. काम म्हणजे विद्यार्थ्यांची भांडी भट्टीत लावणे, रात्रभर जागून ती भाजणे, सकाळी काढणे. फुटली तर दोष भट्टीचा, चांगली निघाली तर गुण विद्यार्थ्याचा. एका प्राध्यापकबाईंनी मला संध्याकाळी चाकावर बसू दिले, झिलईची रसायने शिकवली, वाचायला पुस्तके दिली. सवर्ण घरातल्या या बाईंनी कोणताही गवगवा न करता हे केले. त्यांच्या ऋणाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पहिली भट्टी मी बांधली ती पडली. कमान सुंदर जमली होती. चुना मारलेल्या पाटीवर भट्टीचा नकाशा काढून मी चार दिवस मिरवत होतो. विटा वाळल्या असे समजून खालचा लाकडी साचा काढला आणि पाऊण तासात सगळी कमान फरशीवर आली. कमान खाली दाबते असे मला वाटत होते. कमान बाजूला ढकलते. दोन्ही बाजूंच्या भिंती लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतल्या नाहीत, तर ती आपल्याच भाराने पाय फाकते आणि बसते. नंतर कळले की साखळीची दोन टोके धरून ती सैल लोंबू दिली की जो आकार होतो, तो उलटा केला की जवळजवळ स्वतःच्याच बळावर उभी राहणारी कमान मिळते. आजही कोणतीही भट्टी बांधण्याआधी मी खिळ्यांना साखळी लटकवून प्लायवूडवर तिची रेघ मारून घेतो. गवंडी हसतात. एकदा रेघ मारून झाली की हसत नाहीत.

या काळात स्टुडिओ पॉटरीचा इतिहास वाचत गेलो. तो सगळा इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट आयव्ह्ज या गावापाशी सुरू होतो. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा यांनी १९२० साली तिथे पॉटरी काढली आणि जपानी पद्धतीची, उतारावर चढत जाणारी भट्टी बांधली. अशा भट्टीत एकापुढे एक दालने असतात. खालच्या दालनाची आग वरच्या दालनात शिरते आणि खालचे भाजत असतानाच वरचे तापते. इंधन वाचते, आणि लाकडाची राख भांड्यांवर बसून आपोआप झिलई होते. पाश्चात्त्य देशांतली ही पहिली अशी भट्टी. सगळी पुस्तके एवढे सांगतात आणि लीचच्या तत्त्वज्ञानाकडे वळतात. बारकाईने वाचल्यावर मात्र कळते की ती पहिली भट्टी नीट चालतच नव्हती. मग जपानहून मात्सुबायाशी त्सुरुनोसुके नावाचा तरुण आला. उजी गावच्या जुन्या कुंभार घराण्यातला, शिवाय भट्टीशास्त्र शिकलेला. त्याने १९२३ मध्ये तीन दालनांची नवी भट्टी बांधली, तिथल्या शिष्यांना मातीचे आणि आगीचे शास्त्र शिकवले आणि १९२४ मध्ये तो परत गेला. त्याची भट्टी १९७० च्या दशकापर्यंत जळत होती. विसाव्या शतकातली इंग्रजी स्टुडिओ पॉटरी ज्या आगीतून निघाली, ती आग त्याने बांधली. लीचचे नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे, मात्सुबायाशीचे आमच्यासारख्या भट्टीवाल्यांना.

पण मात्सुबायाशीच्या मागे आणखी माणसे आहेत. चढती भट्टी मुळात जपानची नव्हे. १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीच्या फौजांनी कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी कोरियन कुंभार कुटुंबेच्या कुटुंबे पकडून आणली. म्हणून या स्वाऱ्यांना ‘कुंभारांची युद्धे’ असेही म्हणतात. क्यूशू बेटावर चढत्या भट्टीची विद्या त्या सुमारास कोरियन कारागिरांच्याच हातून रुजली. त्यांच्यातल्या री साम्पेई या एकाला अरिता गावाजवळ चिनीमातीचा दगड सापडला, अशी परंपरा आहे. तिथे त्याचे स्मारक आहे. बाकीच्यांची नावे भट्टीच्या राखेत गेली. म्हणजे कोरियातून लुटून आणलेल्या माणसांची विद्या जपानच्या घराण्यांत, तिथून एका तरुणाच्या हातून इंग्लंडात, आणि इंग्लंडातून पुस्तकांच्या रूपाने मुंबईच्या एका महाविद्यालयात माझ्यासारख्या मदतनिसाच्या हाती आली. ही साखळी कळली त्या रात्री भट्टीपाशी मी एकटा होतो आणि मला प्रथमच वाटले की माझेही एक घराणे आहे.

इथेच मला लीचचा मित्र यानागी सोएत्सु याच्याशी भांडावे लागते. जपानी लोककलेच्या चळवळीचा हा तत्त्वज्ञ. साध्या माणसाने, रोजच्या वापरासाठी, नाव न लावता केलेल्या वस्तूतच खरे सौंदर्य असते, हे त्याचे म्हणणे. लीचने त्याचे लेख इंग्रजीत आणले, त्या १९७२ च्या पुस्तकाचे नावच ‘अज्ञात कारागीर’ अशा अर्थाचे आहे. आपल्याकडच्या डिझाइनच्या शाळांत ते धर्मग्रंथासारखे वाचले जाते. यानागी प्रामाणिक माणूस होता. कोरिया जपानच्या टाचेखाली असताना तो कोरियन संस्कृतीच्या बाजूने बोलला, सेऊलमध्ये कोरियन लोककलेचे संग्रहालय उभारायला त्याने पुढाकार घेतला. हे मोठेपण मी नाकारत नाही. पण त्याने ज्याची थोरवी गायली तो किझाएमोन नावाचा चहाचा वाडगा पाहा. गरीब कोरियन कुंभाराने केलेला साधा वाडगा, आज क्योटोच्या एका मंदिरात जपानची राष्ट्रीय ठेव म्हणून जपलेला. किझाएमोन हे त्या कुंभाराचे नाव नव्हे. तो वाडगा ज्याच्या मालकीचा होता त्या ओसाकाच्या व्यापाऱ्याचे ते नाव आहे! कारागीर अज्ञात राहिला तरी वस्तू बिननावाची राहत नाही. तिच्यावर मालकाचे नाव चढते. हामादा पुढे भांड्यांवर सही करीत नसे, आणि हे त्याच्या निरहंकाराचे लक्षण मानले जाते. असेलही. पण सही न करण्याचा मोठेपणा ज्याची सही जग ओळखते त्यालाच परवडतो. आमच्या बापजाद्यांनी सही केली नाही, कारण त्यांना अक्षर शिकू दिले नव्हते. त्यांच्या अंगठ्याला निरहंकार म्हणणे ही थट्टा आहे.

आणि ज्याला अक्षर मिळाले त्याने काय केले, हे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या एजफील्डचा गुलाम कुंभार डेव्ह याच्याकडे पाहून कळते. जन्म १८०० च्या आसपासचा. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवू नये असा कायदा त्या राज्याने १८३४ साली केला. त्याच वर्षापासून पुढे डेव्हच्या रांजणांवर ओल्या मातीत कोरलेले लेखन सापडते: तारीख, नाव, कधी दोन ओळींचे कवित्व. चाळीस गॅलनचे, म्हणजे सुमारे दीडशे लिटरचे रांजण तो करी. काही रांजणांवर मालकाची आद्याक्षरे आहेत आणि त्यांच्यासोबत ‘डेव्ह’. दोन्ही नावे एकाच मातीत, एकाच आगीत पक्की झाली. पण एक कायद्याच्या जोरावर, दुसरे कायद्याच्या छाताडावर. या भागात २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी एका जुन्या भट्टीचा पाया उकरला, तो सुमारे १०५ फूट लांब निघाला. एवढी भट्टी एकदा भरायला किती पाठी वाकल्या असतील याचा हिशेब मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने करू शकतो, आणि म्हणूनच करीत नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा डेव्हला स्वातंत्र्य मिळून जेमतेम आठ वर्षे झाली होती. स्वातंत्र्यानंतर त्याने आडनाव घेतले, ड्रेक.

भट्टीचा आणखी एक चेहरा नायजेरियात दिसतो. लीचचा शिष्य मायकेल कार्ड्यू हा माझ्या दृष्टीने त्या पिढीतला सर्वांत जिद्दी भट्टीवाला. घानात, म्हणजे त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये, त्याचा युद्धकाळातला कारखाना १९४५ साली बंद पडला. तरी तो पुन्हा आफ्रिकेत गेला आणि १९५२ मध्ये त्याने अबुजा इथे मृत्तिकाकेंद्र उभे केले. हे अबुजा आजची राजधानी नव्हे. त्या गावाला आता सुलेजा म्हणतात. स्थानिक माती, स्थानिक दगड, स्थानिक लाकूड वापरून तेराशे अंशांच्या जवळ जाणारी भट्टी कशी बांधायची, हे त्याने १९६९ च्या आपल्या पुस्तकात लिहिले, आणि माझ्या निम्म्या भट्ट्या त्या पुस्तकाच्या ऋणात आहेत. या केंद्रात १९५४ साली लादी क्वाली आली, तिथली पहिली स्त्री. तिचे घडे कार्ड्यूने अबुजाच्या अमिराच्या वाड्यात आधीच पाहिले होते. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, घड्याभोवती स्वतः फिरत ती घडा उभा करी आणि त्यावर पाली, विंचू, साप रेखी. (आपल्याकडे कुंभारणीने माती मळावी, घड्याला रंग द्यावा, पण चाक फिरवू नये, अशी रूढी कितीतरी ठिकाणी होती. चाकावाचूनही घडा थोर होतो, हे लादीने दाखवले.) गवत आणि लाकडाच्या उघड्या आगीत भाजलेले तिचे घडे पाणी गार ठेवत. कार्ड्यूच्या भट्टीत ते झिलई लावून भाजले गेले, तेव्हा ते लंडनच्या प्रदर्शनात गेले आणि संग्रहालयांत बसले. पण झिलईने माती झिरपत नाही, आणि न झिरपणाऱ्या घड्यात पाणी गार होत नाही. कीर्ती आली आणि घड्याचे काम गेले.

तरीही मी लादीच्या बाजूने आहे, घड्याच्या नव्हे. हौसा भाषेत लादी म्हणजे रविवारी जन्मलेली, आणि क्वाली हे तिच्या गावाचे नाव. म्हणजे ‘क्वालीची रविवारची पोर’. आमच्याकडे सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावे ठेवत, तसेच. त्या नावाने तिला १९७७ मध्ये विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट मिळाली, केंद्राला पुढे तिचेच नाव दिले गेले, आणि आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर ती घडा करताना दिसते. ज्या माणसाने नामांतरासाठी घर जळताना पाहिले, त्याला विद्येच्या जागेवर चढलेल्या नावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आपल्या देशाचीही अशी एक जोडी आहे. गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, लीच, हामादा, यानागी यांना भेटले, आणि १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत आपली पॉटरी काढली. भारतीय स्टुडिओ पॉटरीचे जनक ते, यात वाद नाही. पण जपानला जाण्याआधी दिल्लीच्या एका वीटकारखान्यावर त्यांनी अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराकडून निळ्या झिलईची विद्या घेतली होती. गुरचरण सिंगांनी ते कधी लपवले नाही. लपवले ते नंतरच्या लिहिणाऱ्यांनी, आणि तेही बहुधा आळसाने.

माझ्या अनुभवाचे सांगायचे तर एकच प्रसंग पुरेसा आहे. १९९६ मध्ये मुंबईतल्या एका कलादालनात एका नामांकित पॉटरचे प्रदर्शन भरले. त्यांची लाकडावरची भट्टी मी बांधली होती, पहिल्या चार भाजण्या मीच केल्या होत्या. छापील पुस्तिकेत माती कुठली, झिलईत कोणते खनिज, लाकूड बाभळीचे की सुरूचे, तापमान किती, भाजणीला किती तास लागले, सगळे होते. लाकडाचे नाव होते, माझे नव्हते. मी त्यांना विचारले. ते मनापासून आश्चर्यचकित झाले. “अरे, पण यानागी काय म्हणतो ते तूच वाचलेस ना? नावात काय आहे?” त्यांचे स्वतःचे नाव पुस्तिकेवर चार ठिकाणी होते. मी वाद घातला नाही. पुढच्या भट्टीचा दर मात्र दीडपट सांगितला. त्यांनी दिला. या व्यवहारात माझे समाधान झाले असे कार्यकर्त्या वाचकांनी समजू नये.

तेव्हापासून मी बांधलेल्या प्रत्येक भट्टीच्या मागच्या भिंतीवर, धुराड्याच्या बुडाशी, ओल्या लिंपणात नावे कोरतो. गवंड्याचे, विटा वाहणाऱ्या बाईचे, लाकूड फोडणाऱ्याचे, माझे, आणि साल. भट्टीच्या मालकांपैकी दोघांनी हरकत घेतली. एकाने नंतर ते लिंपण खरवडून काढले. बाकीची नावे आहेत. वीटभट्टीवरच्या मिस्तरींचे नाव मला कुठेच कोरता आलेले नाही, कारण ते मी विचारलेच नव्हते. अकरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचे नाव विचारायचे सुचत नाही, ही सबब मी स्वतःला देत असतो. पण पुढे तीन हंगाम मी त्यांच्या हाताखाली होतो.

१९९९ मध्ये नोकरी सोडून मी औरंगाबादबाहेर, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हद्दीबाहेर, पाच गुंठे जागा घेतली आणि स्वतःची भट्टी बांधली. दोन दालनांची, चढती. बा तोवर गेला होता. पहिली भाजणी तीस तास चालली. दोन दिवस थंड होऊ दिली आणि तिसऱ्या दिवशी दार उघडले, तेव्हा मायला गावाहून आणले होते. भांडी काढून मी फळीवर मांडत गेलो: वाडगे, सुरया, दोन मोठे रांजण. एका रांजणावर तांब्याची झिलई, धूर कोंडल्यामुळे लाल उतरली होती, अगदी मनासारखी. पुण्याच्या एका संग्राहकाने तो न पाहताच सांगून ठेवला होता.

माय फळीपासून चार हात लांब उभी होती. “हात लावू का?” तिने विचारले.

“लाव की माय. तुझंच आहे.”

तिने आधी हात पदराला पुसले. मग एकेक भांडे उचलून, कानाशी धरून, पेराने ठोकत ती फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. घाई नाही. मध्ये कोणाशी बोलली नाही. तीन भांडी तिने बाजूला काढून जमिनीवर ठेवली. रांजण तिला उचलेना, म्हणून ती त्याच्यापाशी बसली आणि कान लावून ठोकले. पुन्हा ठोकले.

“ह्यो नगं,” ती म्हणाली. “बद्द वाजतोय.”

मी म्हणालो, असे होणे शक्य नाही, याची भाजणी सर्वांत चांगली झाली आहे. ती काही बोलली नाही. मी रांजण आडवा करून उन्हात धरला. बुडाला, माझ्या सहीच्या बाजूने, केसाएवढी चीर गेली होती.